दोघांचं एक विमान

"बाँब नको," दादा म्हणाला. "मी सांगेपर्यंत त्या बटणाला बोट लावायचं नाही."

मी मान हलवली. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्याचा डावा हात दांड्यावर होता, उजवा नेहमीसारखा पँटच्या खिशात. दोन्ही बटणांवर माझा हात. त्या उभ्या लाकडी खोक्यासमोर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो आणि पडद्यावरचं ते बोटभर विमान आम्हा दोघांचं मिळून एक होतं. तो चालवायचा, मी गोळ्या मारायची.

ही गोष्ट इचलकरंजीतली, १९९३ सालची. गफूरचाचांचं व्हिडिओ गेमचं दुकान बोळाच्या तोंडाशी होतं, पत्र्याचं छप्पर आणि आत चार मशिनी. यंत्रमागांना सुट्टी असली की तिथं पाय ठेवायला जागा नसायची. त्या दुपारीही नव्हती. तीसेक माणसं असतील, सगळी मागावरची नाहीतर कापड रंगवायच्या प्रोसेसवरची, आणि त्यांत मुलगी मी एकटी. बारावीत होते. अप्पांनी आईला सांगून ठेवलं होतं की पोरगी त्या दुकानात दिसली तर दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद. अप्पा बोलले तसं करणारे होते.

तरी मी जात होते, ते दादाच्या हातासाठी.

माझा दादा, भूपाल, तेव्हा बावीस वर्षांचा. अप्पा ज्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे, तिथंच दादा माग चालवायचा. चार महिन्यांपूर्वी एकदा लाइट गेलेली असताना तो मागाच्या चाकात अडकलेलं सूत काढत होता. अशा वेळी मागाचं बटण बंद करायचं काम अप्पांचं. त्या दिवशी ते राहून गेलं. लाइट आली, माग सुरू झाला, आणि दादाच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं दात्यांच्या चाकात गेली.

उरलेली बोटं शाबूत होती. मिरजेच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि बजावलं की रोज दाबायचा, दुखलं तरी दाबायचा, नाहीतर उरलेली बोटंही लाकडासारखी होतील. दादानं तो चेंडू कोनाड्यात ठेवला तो ठेवलाच. हाताला रुमाल गुंडाळून तो दिवसभर आतल्या खोलीत पडून राहायचा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, अजून महिना असाच गेला तर मी काही करू शकणार नाही.

घरात त्या हाताबद्दल कुणी बोलत नव्हतं. अप्पा तर त्याच्याकडे बघतही नसत. दादा जेवायला बसला की ते उठून बाहेर कट्ट्यावर जायचे आणि त्याचं जेवण झालं की आत यायचे. एकदा मी दादाला चेंडूवरून फार टोकलं तेव्हा तो म्हणाला, "कुणासाठी दाबू? अप्पांना मी डोळ्यासमोर नको झालोय. कामातनं गेलेला पोरगा कुणाला हवा असतो?" मलाही तसंच वाटत होतं.

अपघाताच्या आधी गफूरचाचांच्या दुकानातला सगळ्यात मोठा आकडा दादाचा होता. त्या मशीनला काही लक्षात राहत नसे. लाइट गेली की सगळे आकडे पुसले जात, आणि आमच्याकडे लाइट रोज जायची. म्हणून चाचा भिंतीवर ऑइलपेंटनं नाव आणि आकडा लिहून ठेवत. भूपाल मगदूम, ८,१४,३००. एका दुपारी कॉलेजातून येताना मला त्याच्यावर नवीन ओळ दिसली. बंडा नेजे, ९,०२,६००. घरी आल्यावर मी ते दादाला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, तसाच पडून राहिला. पण दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तो चपला घालून दारात उभा होता.

दांडा डाव्या हातानं धरायचा असतो. तेवढं त्याला जमत होतं. बटणांना उजवा हात लागतो. तो त्यानं खिशातून काढला नाही. शेवटी मी पुढं झाले.

सुरुवातीला माझ्यामुळं आमची पार दैना झाली. मी भीतीनं बटण बडवत सुटायची आणि तिसऱ्या स्टेजपर्यंत हात भरून यायचा. मग दादानं मला शिकवलं. म्हणाला, माग कसा वाजतो ते लहानपणापासून ऐकतेयस ना, त्याच ठेक्यात मार. मी तसं करायला लागले आणि मला ते आलं. पुढं तो एकेक गोष्ट सांगत गेला. लाल डबी घेतली की गोळ्या पंख्यासारख्या पसरतात, सगळीकडे लागतात पण हलक्या लागतात. निळी घेतली की काठीसारखी सरळ रेघ निघते, समोर असेल ते जाळते. डबी रंग बदलत बदलत खाली येते, तेव्हा हवा तो रंग येईपर्यंत तिच्याभोवती घिरट्या घालायच्या. एकाच रंगाच्या तीन घेतल्या की ते हत्यार पुरतं वाढतं. आणि विमान एकदा पडलं की सगळं जातं, नवीन विमान पुन्हा एका बारक्या गोळीवर येतं.

आकडा वाढतो तो मात्र गोळ्यांनी नाही. सोन्याच्या चांदण्या पडतात. पहिली पाचशेची, दुसरी हजाराची, अशी वाढत दहा हजारांपर्यंत जाते. एक जरी हुकली की पुन्हा पाचशेपासून. आणि स्टेज संपताना न वापरलेल्या प्रत्येक बाँबचे दहा हजार. बाँब टाकला की पडद्यावरच्या सगळ्या गोळ्या विरून जातात, जीव वाचतो, पण ते दहा हजार गेले. म्हणून दादा सारखा म्हणायचा, बाँब नको.

अठरा दिवस आम्ही रोज गेलो. त्या अठरा दिवसांत दादा घरात जेवताना बोलायला लागला होता. हात मात्र खिशातच होता, आणि डॉक्टरांच्या महिन्यातले दिवस सरत होते.

त्या दुपारी पहिल्या तीन स्टेज आम्ही एकही विमान न घालवता पार केल्या. नदी, वाळवंट, बंदर. बंदरात तेलाच्या टाक्या असतात आणि त्या फोडल्या की चांदण्या उडतात, पण घाईनं फोडल्या तर चांदण्या हाती लागत नाहीत. "थांब," दादा म्हणायचा, विमान बरोबर जागी न्यायचा, "आता." मी मारायची. एकही हुकली नाही. मागं माणसं जमायला लागली. बंडा नेजे स्वतः माझ्या मागं येऊन उभा राहिला. तो भला माणूस होता. कुणी पुढं घुसलं तर त्याला मागं ओढायचा आणि म्हणायचा, त्यांना खेळू द्या.

चौथ्या स्टेजला, ढगांत, एक विमान गेलं. पाचव्या स्टेजला लोखंडी कारखान्यात दोन गेली, एकापाठोपाठ. दुसऱ्या वेळी चूक माझी होती. दादानं थांब म्हटलेलं मला ऐकू आलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "बोलू नकोस. समोर बघ."

सहाव्या स्टेजवर आलो तेव्हा एकच विमान उरलं होतं. आकडा होता आठ लाख एक्कावन्न हजार. हत्यार सगळं गेलेलं, बारकी गोळी. बाँब तीन. ही शेवटची स्टेज समुद्रातल्या किल्ल्याची. इथपर्यंत आम्ही याआधी एकदाच पोचलो होतो.

दादानं ती स्टेज कशी चालवली ते मला आजही दिसतं. पहिली डबी लाल असताना तो तिला सोडून खाली आला, गोळ्यांच्या मधून वर गेला आणि निळी होताच घेतली. दुसरी तशीच. तिसरीच्या वेळी दोन्ही बाजूंनी विमानं आली आणि तो म्हणाला, "बाँब." मी दाबला. डबी मिळाली. आमची काठी आता पुरती जाड झाली होती. किल्ल्याच्या तटाशी दुसरा बाँब गेला. उरला एक.

मागून कुणीतरी हिशोब मांडला. चांदण्या अशाच मिळत गेल्या आणि हा एक बाँब वाचला तर बंडाचा आकडा मोडतो. बंडा म्हणाला, मोडू दे की.

मग किल्ल्यातून शेवटचं ते अजस्र यंत्र वर आलं. दुकानात त्याला सगळे मोठा साहेब म्हणायचे. त्याला चार तोफा होत्या आणि ज्वारी उधळावी तशा त्यातून गोळ्या सुटायच्या. दादाचा श्वास मला ऐकू येत होता. मी ठेका सोडला नाही. एक तोफ फुटली. दुसरी फुटली. तिसरी लाल होऊन पेटायला लागली.

आणि माझा हात बटणांवरून निघाला.

आमची रेघ बंद पडली. विमान पडद्याच्या तळाशी नुसतंच डावीउजवीकडे सरकत राहिलं.

"मार," दादा म्हणाला.

मी हात पाठीमागं घेतला.

"वैजू, मार."

दादानं मान वळवली नाही, वळवली असती तर विमान गेलंच असतं. दोन गोळ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी गेल्या, तिसरी कशी चुकवली ते त्यालाच ठाऊक. मग त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला. रुमाल अर्धवट सुटला होता, तो त्यानं मांडीवर घासून खाली पाडला.

चार महिन्यांत मीही तो हात उघडा पाहिला नव्हता. शिवणीचा व्रण अजून लालसर होता आणि उरलेली दोन बोटं आत वळून ताठ झाली होती. ती त्यानं बटणावर ठेवली. पहिल्यांदा दाबलं तेव्हा काहीच झालं नाही, बोटांत तेवढा जोरच नव्हता. त्यानं दात आवळले आणि खांद्यापासून सगळा हात खाली रेटला. एक गोळी सुटली. मग दुसरी. मागाचा ठेका कुठला, चालायला शिकणारं मूल पावलं टाकतं तसं ते मारणं होतं. पण तो मारत राहिला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात नव्हता. तिसरी तोफ फुटली.

चौथीनं एकदम सगळा पडदा भरून टाकला. निसटायला जागा राहिली नाही. दादाचा अंगठा बाजूला सरकला आणि बाँबच्या बटणावर बसला. गोळ्या विरल्या. मग ती दोन बोटं परत जागेवर आली, आणि किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण शेवटी मोठा साहेब फुटला आणि पडदा पांढरा झाला.

माणसांनी आरडाओरडा केला. पडद्यावर आकडा चढत जाऊन थांबला, आठ लाख शहाण्णव हजार शंभर. त्या एका बाँबचे दहा हजार मिळाले असते तर भिंतीवर दादाचं नाव वर गेलं असतं.

चाचा रंगाचा डबा घेऊनच आले होते. म्हणाले, दुसरा तर दुसरा, लिहितो. दादानं नको म्हटलं. मोडला की लिहा, म्हणाला. तो उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता. बंडानं खाली पडलेला रुमाल उचलून दिला. दादानं त्या रुमालानं तोंड पुसलं आणि तो शर्टच्या खिशात ठेवला. हाताला गुंडाळला नाही.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मुद्दाम काढलास ना हात?"

मी म्हटलं, "हं."

दुसऱ्या दिवसापासून तो एकटा जायला लागला. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली आणि कोण व्यायाम करून घेतंय म्हणून विचारलं. पुढं दादा मोटर रिवायंडिंग शिकला, जळालेल्या मोटरींत नवीन तार भरायचं काम. ते सगळं बोटांचं काम आहे. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे आणि आठ बोटांनी तो जी तार भरतो ती दहा बोटांच्या माणसांना जमत नाही. बंडाचा आकडा त्यानं नंतर मोडला की नाही ते मला आठवत नाही, कारण तोवर मी जायचं बंद केलं होतं.

पण ती दुपार त्यानं कधी सोडली नाही. त्याच्या लग्नात बायकोला सांगितली, मुलं मोठी झाल्यावर मुलांना सांगितली. आमच्या वैजूनं बरोबर वेळ साधून हात काढला, म्हणून माझा हात राहिला. अठरा वर्षांच्या पोरीची अक्कल बघा, असं तो म्हणायचा. घरात काहीही कार्य निघालं की पहिली साडी नेहमी मला यायची. माझ्या नवऱ्यालाही या गोष्टीचं कौतुक होतं. गेल्या वर्षी दादानं आपल्या मुलीच्या साखरपुड्यात भर मांडवात माइक घेऊन ती पुन्हा सांगितली, आणि व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी दादाच्या दुकानात गेले. तो एकटाच होता, एक मोटर खोलून बसला होता. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि त्याला खरं सांगितलं.

सांगितलं की मी मुद्दाम हात काढला नव्हता. तुझ्या हाताचा विचारही त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. मी घाबरले होते. पडद्याच्या काचेत मला माणसांच्या मधून आपल्या पाठीमागचं दार दिसत होतं आणि त्या दारात अप्पांची पांढरी टोपी दिसली. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. मला वाटलं, संपलं, माझं कॉलेज संपलं. मी खेळत नव्हते, नुसती उभी होते असं दिसावं म्हणून मी हात मागं घेतला. तुला एकटं टाकलं. तू विचारलंस तेव्हा हं म्हटलं, आणि मग दर वर्षी ते बदलणं आणखी अवघड होत गेलं.

दादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला होता. तो रागावेल, नाहीतर हसून सोडून देईल, असं काहीतरी मी धरून आले होते.

"अप्पा आले होते?" तो म्हणाला.

तेव्हा कुठं मला कळलं की मी इतकी वर्षं त्याच्यापासून काय लपवून ठेवलं होतं. अप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेवटपर्यंत त्या दोघांत हाताचा विषय निघाला नाही. मोटरींच्या दुकानाच्या पूजेला अप्पा आले होते, पेढा घेतला आणि कट्ट्यावर जाऊन बसले.

"आले होते," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"साहेब फुटेपर्यंत. तुझा हात बाहेर आला तेव्हा ते एक पायरी चढून आत आले. मग तिथंच थांबले. मी काचेत बघत होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. माणसं ओरडायला लागली तेव्हा मी मागं वळले, तर दारात कुणी नव्हतं."

बाहेर कुणीतरी मोटरसायकल लावली, दुकानात डोकावलं, आणि दादाचा चेहरा बघून नंतर येतो म्हणून निघून गेलं.

"तुला रागावले?"

नाही, मी सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी मी शिव्या खायच्या तयारीनं घरी थांबले होते. तू आत झोपला होतास. अप्पांनी हातपाय धुतले, मी टॉवेल पुढं केला. त्यांनी तो घेतला पण तोंड पुसलं नाही, तसेच उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी मला एकच विचारलं. दुखत होतं का गं त्याला?

"तू काय म्हणालीस?"

"मला ठाऊक नाही म्हटलं."

दादानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. उजवा हात टेबलावर उताणा ठेवून त्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"दुखत होतं," तो म्हणाला. "अप्पा, फार दुखत होतं."